दादाचं नाव मला

मंडळी, आज भाचीने एक कादंबरी वाचायला दिली. मेलेल्या मुलाचा क्लोन बनवून त्याच्याच नावाने वाढवतात, अशी गोष्ट. म्हणाली, "मामा, असं खरंच होईल?"

काय सांगू तिला? आमचं कळव्याचं कोळी घर. ऐंशीच्या दशकात माझा मोठा भाऊ खाडीत बुडाला. नंतर मी जन्मलो आणि सगळे म्हणाले, हरेश परत आला. नाव त्याचं, कपडे त्याचे. कोळ्याचा पोरगा असून मला कुणी होडीत चढू दिलं नाही.

आज आईला विचारलंच, "तुलापण वाटायचं, मी तोच आहे?"

"नाय रे. तू पहिल्यांदा रडलास तेव्हाच कळलं."

"मग त्याचं नाव का ठेवलंस?"

"हाक मारायची सवय सुटत नव्हती."

संध्याकाळी तिने चहाला हाक मारली, "हरेश!" लगेच ओ देणं जमलं नाही. तुम्हाला जमलं असतं?