वर्खाखालची खळ

वसुधाताईंची आणि माझी ओळख सहा वर्षांपूर्वीची, लीड्सच्या एका संग्रहालयातल्या वस्त्रजतन विभागातली. मी पुण्याहून टेक्स्टाइल केमिस्ट्री शिकून आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी जुना रेशमी किमोनो माझ्यासमोर उलटा पसरला. म्हणाल्या, "आधी मागची बाजू बघ. पुढची बघायला लोक तिकीट काढतात." गाठी बांधून रंगवलेला ठिपका आणि साच्याने छापलेला ठिपका यांतला फरक मी त्या दिवशी शिकले. बांधलेल्या ठिपक्यात कापडाची चिमूट राहते आणि दोन ठिपके कधी सारखे नसतात. ही नजर मला त्यांनी दिली.

घर मिळेपर्यंत महिनाभर मी त्यांच्याकडेच राहिले. माझ्या खोलीतला हीटर बिघडला तेव्हा त्यांनी स्वतःचा आणून दिला आणि त्या कोट घालून झोपल्या. हे विसरता आले असते, तर पुढचे लिहिणे सोपे गेले असते.

एका प्रदर्शनाआधी किमोनोच्या बाहीवर पडलेली घडी ओलाव्याने सैल करायची होती. तिथली सोनेरी शेवंती जरीची नव्हती. तांदळाच्या खळीने चिकटवलेल्या वर्खाची होती. कोपऱ्यावर आधी चाचणी घेऊ, असे मी सुचवले. ताईंना घाई होती. ओलसर टीपकागद त्यांनीच ठेवला. उचलला, तेव्हा अर्धी शेवंती कागदाबरोबर आली.

अहवालात ताईंनी 'काम साहाय्यकाने केले' असे लिहिले आणि तो माझ्यापुढे सरकवला. "माझं नाव गेलं तर डिपार्टमेंटच बंद करतील, अगं. तू तरुण आहेस, तुझं निभावेल."

मी सही केली. विभाग टिकला, त्यांच्याच जिद्दीवर टिकला. माझे काँट्रॅक्ट वाढले नाही. केंब्रिजच्या एका संग्रहालयातल्या नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्या बाहीबद्दल आला. सध्या मी लंडनच्या हाउन्सलो भागात आयात कापडाची तपासणी करते.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी इथल्या मराठी मंडळाने लेख मागितला, तेव्हा मी ताईंना फोन करून बाहीबद्दल लिहीन म्हणून सांगितले. त्या म्हणाल्या, "लिही. फक्त खळ गव्हाची होती असं लिहू नकोस."

त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिलेला नाही. म्हणूनच अहवालातले साहाय्यकाचे ते एक वाक्य मला अजून पटत नाही. अहवालात दुरुस्ती फक्त तो लिहिणाऱ्यालाच करता येते. ताईंना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. त्याची मला गरज आहे.