अमावस्येला भट्टी बंद

पुण्याच्या कंपनीनं माणसं कमी केली त्या वर्षी आमच्या वस्तीवर परत आलेली मी एकटी नव्हते. पण बी.कॉम. झालेली एकटीच होते. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. वडील, त्यांचे वडील, सगळे जनावरांमागं. म्हणून वस्तीजवळच्या नांदूरघाटला बॅग घेऊन उतरले तेव्हा मान खाली घालायची नाही, एवढं ठरवूनच उतरले.

"कंपनीच बसली, पोरगी काय करील?" वडील येईल त्याला सांगायचे. कुणी विचारलं नसलं तरी सांगायचे.

वस्तीवर मंदी दुसऱ्याच रूपात आली होती. दूध न्यायला येणारा टेम्पो बंद झाला. दुधाला उठाव नाही म्हणाले. बायका सकाळी धारा काढायच्या आणि भरलेल्या कॅनकडं बघत बसायच्या. त्याच सुमारास बीडला नव्या उद्योगांसाठी मेळावा होता, तिथं मी गेले. पाहुणे म्हणाले, संकट हीच संधी असते. माझ्या मागची एक बाई पुटपुटली, "मंग आमच्याकडं लई संधी हाय की!" आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. पण खव्याच्या भट्टीची माहिती मला तिथंच मिळाली, हेही सांगितलं पाहिजे.

वस्तीतल्या बायकांनी मिळून भट्टी घातली. मालकीण कुणी एक नाही. ज्या घरचं दूध त्या घरची भट्टी. एकीनं जाळाला तुरीच्या काड्या, तुराट्या, सारायच्या, एकीनं कढई हलवायची. उलथनं थांबलं की दूध खाली लागतं, आणि करपल्याचा वास सगळ्या कढईला धरतो. पहिले काही दिवस आम्ही करपलेलाच खवा खाल्ला. मग हात बसला.

बीडच्या बाजारात मिठाई करणारे एक म्हातारे चाचा होते. त्यांनी आमचा खवा अंगठ्यानं चोळून पाहिला, हुंगला.

"मैदा न्हाई घातला?"

"न्हाई, चाचा."

"मंग तुमचं पोट कसं भरंल, बेटी?" म्हणाले आणि हसले. तेव्हापासून आमचा रोजचा खवा त्यांच्याकडंच जायला लागला. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. चाचा आहेत तोवर भट्टी आहे, हे वस्तीतल्या लेकरालाही माहीत होतं.

रमजान लागला तेव्हा चाचांनी सांगितलं, "ईदच्या बाजाराला दुप्पट लागंल. यंदा गिऱ्हाईक थंड हाय. माझं वरीस त्या बाजारावरच हाय बघ." मी जबान दिली. वस्तीवर येऊन सांगितलं तर बायकांनी टाळ्या वाजवल्या.

ईद जवळ आली तशी एका संध्याकाळी आई म्हशीखाली बसल्या बसल्या म्हणाली, "अगं, त्यांचा चांद कवा दिसतो?"

"अमावस्या झाल्यावर," मी म्हणाले, आणि बोटांवर दिवस मोजायला लागले.

आमच्या लोकांत अमावस्येचं दूध विकत नाहीत. त्या दिवशी घरापुरती धार काढायची, खीर करायची, आणि रेडकांना आयांखाली मोकळं सोडायचं. टेम्पो यायचा तेव्हाही त्या दिवशी आमच्या वस्तीवरून रिकामाच जायचा. आणि ईदच्या बाजाराला, चांद दिसायच्या दिवशी सकाळी, जो दुप्पट खवा पोचायला हवा होता, त्यातला निम्मा अमावस्येच्याच दुधाचा होणार होता. एवढी उघड गोष्ट वस्तीत कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. ईद त्यांची, अमावस्या आपली, ही वाटणी डोक्यात इतकी पक्की, की दोन्ही एकाच चंद्रावर ठरतात हे कुणी जोडून पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टीपुढं सगळ्या जमलो. माझी भावजय म्हणाली, "एक दिस विकलं तर काय आभाळ कोसळतंय? मंदी हाय ते देवाला बी ठावं हाय."

"तू वीक," चुलती म्हणाली. "माझ्या म्हशीचं न्हाई."

"कावून? तुमची म्हैस काय देवाच्या गोठ्यातली हाय?"

हशा झाला. चुलती हसली नाही. "बाजारातलीच हाय. पर तिचं रेडकू महिनाभर दावं चघळतंय आन आपुन त्याच्या तोंडचं आटवतोत. एक दिस त्याचा हाय. त्यो बी घेनार का?"

मग सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. शिकलेली ना मी.

खरं तर माझ्या जिभेवर 'विका' हेच होतं. कॉलेजात मी असल्या रूढींवर निबंध लिहून बक्षीस घेतलेलं. पण चुलती बोलली त्यात देवाचं नावच नव्हतं. शिवाय तिच्या मनाविरुद्ध कढई चढली असती, तर त्या दिवसापासून ती भट्टी माझी झाली असती, सगळ्यांची राहिली नसती.

"अमावस्येला भट्टी बंद," मी म्हणाले. "चाचांना मी समोर जाऊन सांगते."

एसटीनं बीडला गेले. दुपार होती. चाचांचा रोजा, ओठ सुकलेले, तरी कढईपुढं उभे. मी सगळं सांगितलं.

"आदी कावून न्हाई सांगितलं?"

"ध्यानातच आलं न्हाई, चाचा."

"मी चांद बघून जगतो, तुमी बी चांद बघून जगता. आन दोघांच्या बी ध्यानात न्हाई?" त्यांनी कपाळाला हात लावला. "तू जबान दिलती, बेटी."

"दिलती. म्हणून तर आले. आदल्या दिवशीचा खवा देते, बर्फात ठेवून. पण एकाच दिवसाच्या दुधाचा, निम्माच होईल."

"आन निम्मा कुठून आणू?"

चाचा कढई हलवत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "दुसरा खवेवाला हाय एक. पर त्यो ईदेपुरता देनार न्हाई. रोजचा निम्मा खवा कायमचा माझ्याकडूनच घ्या म्हनंल. मला घ्यावा लागंल. माझी बी भट्टीच हाय."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी सलाम केला आणि निघाले.

वस्तीवर सांगितलं तेव्हा सगळ्यांना एकच कळलं: आता कायमचं निम्मंच दूध लागणार. मग कुणाचं घ्यायचं आणि कुणाचं सोडायचं?

चुलती पुढं आली. "माझं बंद करा. माझ्यापायी झालं."

"तुमचंच कावून?" भावजय तिच्यावर ओरडलीच. "लई शानपना करू नका. सगळ्यांचंच निम्मं घ्या."

तसंच चाललं आहे. प्रत्येक घरचं निम्मं दूध कढईत पडतं. उरलेल्याचं तूप कढवतो, ते हळूहळू खपतं. दोन बायका नव्या गिऱ्हाइकाची वाट बघून कामाला पुण्याला गेल्या; त्यांना मी थांबा म्हणू शकले नाही. भट्टीतला त्यांचा वाटा तसाच ठेवला आहे.

चाचा उरलेला निम्मा खवा अजून घेतात, आणि अजूनही अंगठ्यानं चोळूनच घेतात. दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी मी दिंद्रुडपर्यंत फिरते, हॉटेलं, आचारी, लग्नाची कामं घेणारे. एकानं हो म्हटलंय, बाकीचे 'बघू' म्हणतात. प्रत्येकाला मी आधी अमावस्येचं सांगते. खव्याचा डबा त्यानंतर उघडते.