पिवळ्या पळसाचा ओटा

मी फुलांचे फोटो काढते, याची आमच्या घरात भारी चेष्टा होते. लग्नात सगळ्यांचे मोबाईल नवरीकडे वळलेले असतात, माझा मांडवामागच्या शेवग्याकडे. वणीत आमच्या दारावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. सकाळी उमललेली कण्हेर दुपारपर्यंत काळवंडते, मी तिचाही फोटो काढते. "हिले नवरा दिसत नाही, धोतऱ्याचं फूल बरोबर दिसते," असं नवरा आल्यागेल्याला ऐकवतो. ऐकवू दे. फोटो त्याच्यासाठी नसतातच.

ते असतात आईसाठी. झरी जामणीकडे माझं माहेर. आईचे गुडघे गेले तेव्हापासून ती ओसरीच्या खाटेवर आहे, अंगणाच्या पलीकडे जाता येत नाही. जन्म शेतात गेलेल्या बाईला हे कसं वाटत असेल ते विचारायची गरज नाही. मी गेले की ती चहाच्या आधी मोबाईल मागते. तेंदूचं पिकलेलं टेंभर, कुसुमाची लाल पालवी, अंबाडीचं फूल, सगळं दोन बोटांनी मोठं करून बघते. मग विचारते, "अन् आपला पयस?"

आपला पळस म्हणजे आमच्या शेताच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा. बाकी सगळं रान शिमग्याला केशरी होतं, हा एकटा पिवळा, हळद लावल्यासारखा. निंदायला गेली की आई आमची झोळी त्याच्याच फांदीला बांधायची. आधी मी त्या झोळीत झोपले, मग माझा भाऊ. आता शेत भावाकडे आहे. दर फाल्गुनात मी आधी धुऱ्यावर जायचे, फोटो काढायचे आणि मगच घरी येऊन आईच्या खाटेवर बसायचे. तिचं वर्ष त्या फोटोवर निघायचं.

दोन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी तोंडून बाहेर फुटलं. पिवळ्या पळसाचं फूल तिजोरीत ठेवलं की बरकत येते, साल उगाळली की गुप्तधन दिसतं, असं लोक मानतात. झालं! मोटारसायकली यायला लागल्या. फुलं ओरबाडली, फांद्या मोडल्या, खोडाची साल काढून नेली. भावानं पहिलं बोट माझ्याकडे दाखवलं, "तुह्या फोटोनं झालं हे." डोंबल! मी तो फोटो आईशिवाय कोणालाच दाखवला नव्हता. पण फोटो काढणारी मीच, म्हणून दोषही माझा.

मग भावानं उपाय काढला, आमच्याकडचा नेहमीचा. झाड वाचवायचं तर त्याला देव करायचं. बुंध्याशी दगड ठेवला, शेंदूर फासला, फांदीला लाल कापड बांधलं. आणि खरं सांगते, उपाय लागू पडला. साल सोलणारे आता हात जोडून जायला लागले. मलाही बरं वाटलं. सगळे एवढ्यावर थांबले असते तर काय बिघडलं असतं?

पण देव झाला म्हणजे त्याला ओटा पाहिजे. मे महिन्यात गावानं पाया खणला. खणताना आडवी आली ती मुळं कुऱ्हाडीनं तोडली. वर मुरूम, त्यावर सिमेंट, त्यावर चकचकीत पांढऱ्या टाइल्स, पार बुंध्याला चिकटवून. बोटभर जागा ठेवली नाही. मी पोहोचले तेव्हा टाइल्स बसत होत्या.

"अरे, पाणी कुठून पिईल ते झाड?" मी ओरडले.

"देवाले का चिखलात ठेवतेत?" भाऊ म्हणाला. "तू फोटो काढ ना. कायले बोंबलून राह्यली?"

सगळे हसले. मी ओट्यावर पाय ठेवला तर कोणी तरी म्हणालं, ताई, चप्पल काढा. मी चप्पल काढली नाही, तशीच घरी आले. आईला भावानं आधीच सांगून ठेवलं होतं की पळसाला मस्त ओटा बांधला. "पक्का बांधला म्हणते," आई मला सांगत होती. मी चहा प्यायले.

त्या पावसाळ्यात पानं आली ती लहान, पिवळट, आणि दसऱ्याच्या आत गळून गेली. लोक रोज नारळ फोडत होते, बुंध्याशी तेल ओतत होते. फाल्गुनात सगळं रान पेटलं आणि आमचा पळस बोडका. लोक म्हणाले, पळसाला त्या दिवसांत पानं नसतातच. बरोबर आहे, पानं नसतात. पण फुलं? मी नखानं फांदी खरवडली. आत हिरवं काही नव्हतं, नुसता भुसा. मी भावाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

"आईले सांगू नको," तो म्हणाला. पुढच्याच वाक्यात म्हणाला, "महाप्रसाद हाये, फ्लेक्स लावाचा हाये. तुह्या मोबाईलमधला एखादा भरगच्च फोटो दे."

मी दिला नाही. मरू दे, म्हटलं. तर गावकऱ्यांनी नेटवरून उचलला. फ्लेक्सवर बहावा आहे, पिवळी झुंबरं लोंबताहेत. शेजारी पुढाऱ्यांचे हात जोडलेले चेहरे. या गावात पळस आणि बहावा न ओळखणारा माणूस नाही, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. मेलेल्या झाडाखाली दुसऱ्याच झाडाचा फोटो लावून पंगती उठल्या. मी न जेवताच निघाले.

घरी आले तर आई वाटच बघत होती. "फुलला काय वं पयस?"

मला धीर झाला नाही. साल सोलणारे यायच्या आधीचा एक फोटो काढून तिच्या हातात दिला. झाड नुसतं पिवळं, एका फांदीवर साळुंकी. "फुलला," मी म्हटलं.

आईनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. फुलांवरून, साळुंकीवरून बोट फिरवत खाली आणलं आणि बुंध्याशी थांबवलं. मग मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

"हा जुना हाये," ती म्हणाली. "याच्या बुडाले माती हाये."