बर्फातल्या कोंबड्या, एसीतला कॅमेरा

इचिकावाच्या मंडळींनो, आपल्या मंदारच्या स्वीडिश कोंबड्या आठवतात ना? हिवाळ्यात बर्फात फुगून बसलेल्या त्या तिघी? याच ग्रुपवर तुम्ही त्यांच्या फोटोंवर हार्टवर हार्ट दिले होते.

त्यातल्या दोघी आज मेल्या.

मंदार काल गणपतीसाठी पुण्याला गेला. आजपासून दाणापाणी माझ्याकडे. "ताई, टेन्शन घेऊ नका, ही जात फार काटक आहे," असं सांगून गेला. अरे बाबा, काटक आहे, पण थंडीला! पिसांखाली लोकरीसारखा थर असतो त्यांना. जपानच्या या उकाड्यात तो स्वेटर कुठे काढून ठेवणार त्या? आणि खुराडं अंगणात, भर उन्हात, पत्र्याखाली.

दुपारी गेले तेव्हा तिसरी चोच उघडून धापा टाकत होती. गार पाणी आणायला घरात शिरले, तर घर थंडगार. एसी चालू आणि सोफ्यावर त्याचा कॅमेरा. दमट हवेत लेन्सला बुरशी येते म्हणे.

कोंबडीला आत आणून सोफ्यावर ठेवलं आणि मंदारला व्हिडिओ कॉल लावला. दोघी गेल्या म्हटल्यावर तो "अरेरे" म्हणाला. मग लगेच, "ताई, तिला तिथे नको ना, कॅमेऱ्यात पिसं जातील."

मी फोन कट केला. कॅमेरा उचलला आणि खुराड्यात, त्या दोघींच्या शेजारी ठेवून आले.

त्याचाही फोटो काढलाय. टाकू? हार्ट द्याल ना?