गोदामाच्या टोकाला दीड किलो

काटा साडेतीनवर थांबायला हवा होता. तो दीडवर आला आणि तिथेच थरथरत राहिला.

मी प्रेशर गेजवर बोटाने टकटक केलं. फरक शून्य. समोर धुळ्याजवळच्या त्या सूतगिरणीचं गोदाम कापसाच्या गाठींनी भरलेलं होतं, आणि दुपारी तीनला इन्शुरन्सचे सर्व्हेअर येणार होते. साडेअकरा वाजले होते.

"मॅडम, गेज खराब असेल," मॅनेजर चौधरी म्हणाले.

मी बॅगेतला दुसरा गेज लावला. तोही दीड.

मी फायर सिस्टिमची इंजिनिअर. जळगावला माझं छोटं ऑफिस आहे. गोदामाच्या छताला स्प्रिंकलर असतात. खाली आग लागली की तिच्या वरच्या स्प्रिंकलरमधली काचेची नळी उष्णतेने फुटते आणि पाणी पडू लागतं. त्यासाठी पाणी किती लागेल आणि कोणत्या प्रेशरने लागेल, हे काढणं माझं काम. इथे मी धरलं होतं, आग दोनशे चौरस मीटरमध्ये पसरेल आणि प्रत्येक चौरस मीटरवर मिनिटाला दहा लिटर पाणी पडायला हवं. म्हणजे मिनिटाला दोन हजार लिटर. तेवढं पाणी वाहत असताना सर्वांत लांबच्या टोकाला साडेतीन किलो प्रेशर उरलं पाहिजे. आम्ही प्रेशर किलोत बोलतो. एका चौरस सेंटिमीटरवर तेवढ्या किलोंचा जोर, इतकाच त्याचा अर्थ.

हा हिशोब पाच वर्षांपूर्वी मीच केला होता. त्यावर सही माझीच होती.

चौधरी मला पंपहाऊसमध्ये घेऊन गेले. "हे बघा, सात किलो! रोज सकाळी रजिस्टरमध्ये लिहितो आम्ही."

"हे पाणी उभं असतानाचं प्रेशर आहे, चौधरीसाहेब. घरात बाकीचे नळ बंद असले की एका नळाला कसा जोर असतो! सगळे उघडले की बाथरूममध्ये धार लागत नाही. आग लागल्यावर पाणी उभं राहणार नाही, वाहणार."

पुन्हा पाणी सोडलं. पंपावरचा काटा सव्वासहावर आला. एवढ्या पाण्याला या पंपाने तेवढंच द्यायला हवं होतं, म्हणजे पंप ठीक. व्हॉल्व्ह पूर्ण उघडे होते. गाळणी काढून पाहिली, स्वच्छ. मग मी एक गेज पंपहाऊसच्या दाराशी लावला आणि एक गोदामाच्या फाटकाशी. मधल्या पल्ल्यात माझ्या हिशोबाबाहेरचे दोन-सव्वादोन किलो जात होते. जमीन मात्र कोरडी ठणठणीत, म्हणजे पाइप कुठे फुटला नव्हता. प्रेशर पाइपातच घासून संपत होतं.

मी ड्रॉइंग उघडलं. ड्रॉइंगमध्ये पंपहाऊस गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून होतं. मी उभी होते ते विहिरीजवळ, कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला.

"हे इकडे कधी आलं?"

चौधरी नवे होते, त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी नानांना बोलावलं. नाना गिरणीचे सर्वांत जुने फिटर. हात पुसत आले.

"तठे कातळ लागना व्हता, मॅडम," नाना म्हणाले. "खोदाय नही. मंग पंप आठे आना. पाइप वाढाडा." म्हणजे ठरलेल्या जागी कातळ लागला, खोदता आलं नाही, म्हणून पंप इकडे आणून पाइप वाढवला होता.

"कितीचा पाइप टाकला, नाना? सहा इंची?"

नानांनी नकारार्थी मान हलवली. "सहा इंची सरी गया व्हता. वाढेल पाइप बठ्ठा चार इंची शे." सहा इंची संपला, म्हणून वाढवलेला सगळा पाइप चार इंची होता.

"किती लांब असेल?"

त्यांनी पावलं टाकत दाखवलं. साधारण एकशे तीस मीटर.

मी तिथेच कट्ट्यावर बसून आकडे मांडले. सहा इंचीतून जाणारं पाणी चार इंचीतून ढकललं, तर घर्षणात सातपट प्रेशर जातं. उत्तर आलं, सहा इंचीपेक्षा दोन किलो जास्त. चोर सापडला होता. पण त्या वेळी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर मी जळगावात बसून, कॉन्ट्रॅक्टरच्या शब्दावर सही केली होती. पंपहाऊस बघायला मी आलेच नव्हते.

दीड वाजता चेअरमन आले. सगळे त्यांना आबा म्हणतात.

"तीन वाजेपर्यंत काही करता येईल का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आबा. पाइप बदलावा लागेल. तोपर्यंत गोदामाचं लांबचं अर्धं टोक रिकामं करा, गाठी अंगणात काढा. जवळच्या अर्ध्या भागाला पाणी पुरतं."

"आणि सर्व्हेअरला काय सांगायचं?"

चौधरी हळूच म्हणाले, "पंपावर सात किलो दिसतंय. ते तेवढंच बघतात, मॅडम."

खोटं बोलणार नाही, पण एका क्षणासाठी मला ते बरं वाटलं. माझंही झाकलं जाणार होतं.

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले. "चूक माझ्या सहीत आहे."

आबा वळून म्हणाले, "चौधरी, हमाल बोलवा."

सर्व्हेअरने शांतपणे ऐकलं, लिहून घेतलं आणि पंधरा दिवसांची मुदत दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नानांचा फोन आला. अंगणात काढलेल्या गाठींपैकी एकीतून धूर निघत होता. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करताना, उडालेली ठिणगी कापसाबरोबर दाबली गेली, तर ती गाठीच्या पोटात कित्येक दिवस धुमसत राहते. त्यांनी ती गाठ ओढून बाजूला नेली, फोडली आणि होजने विझवली. मी विचारलं, ती गोदामात कुठे होती? नाना म्हणाले, "पार टोकले." म्हणजे जिथे पाणी पुरलं नसतं, नेमकं तिथे.

बाराव्या दिवशी सहा इंची पाइप टाकून झाला. मिनिटाला दोन हजार लिटर पाणी सोडलं तेव्हा टोकाचा काटा साडेतीनच्या किंचित वर थांबला.

गिरणीने पुढचं काम दुसऱ्या कन्सल्टंटला दिलं. मला त्याचं वाईट वाटलं, पण त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. आता मी प्रत्येक साइटवर पंपापासून शेवटच्या स्प्रिंकलरपर्यंत पाइपाच्या कडेने चालत जाते. जिथे तो जमिनीखाली जातो, तिथे तो टाकणाऱ्या फिटरला शोधून विचारते. अर्धा दिवस जातो, आणि क्लायंटला मी फार हळू काम करते असं वाटतं.