रुमालाखालचा हात

घोडी मुलीसाठी घ्यायची आणि सौदा मात्र बापाने करायचा, हा कुठला न्याय?

माळेगावच्या जत्रेत आम्ही माझ्या पुतणीसाठी उड्या मारणारं तट्टू शोधत होतो. तिला अडथळ्यांच्या शर्यतीत उतरायचं होतं. एका ठेंगण्या लाल घोडीने तिला पाठीवर घेऊन आडवा बांबू टुणकन ओलांडला आणि मी शिट्टीच मारली. दादाने व्यापाऱ्याच्या रुमालाखाली हात घातला. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत, बोटं दाबून सांगतात. त्या मिशाळ माणसाने दादाचा हात अलगद बाहेर काढला.

"बसनार कोन, मालक?"

"पोरगी. पण तिला काय कळतंय?"

"घोडीला कळतंय ना, पाठीवर कोन हाय ते! तिचा हात येऊ द्या, न्हाईतर घोडी देत न्हाई."

दादा लालबुंद झाला. व्यापाऱ्याने पुतणीच्या कानात खुणा सांगितल्या. मग रुमाल उसळू लागला, ती खिदळू लागली, तोही मिशीत हसू लागला.

"झाला सौदा!" ती ओरडली.

"केवढ्याला?" दादाने घाबरून विचारलं.

"आमच्या दोघांचं हाय ते," व्यापारी म्हणाला. "तुमी नुसतं पाकीट काढा."

पुढच्या जत्रेत पोरीसाठी काही घ्याल, तेव्हा रुमालाखाली तिचाच हात जाऊ द्या.