शेरगाझीनं न चुकवलेला वाटा

आमच्या डोंगरातल्या कारा-बुलुन गावात मेंढरू कापणारे ढीगभर, पण शिजलेलं मांस वाटावं ते म्हाताऱ्या शेरगाझीनंच. कुठलं हाड कुणापुढं जायचं ते वयावर ठरतं. गावच्या माणसाचा वाटा कधी चुकत नाही. चुकला, तर गावानं त्याला टाकला म्हणून समजायचं.

त्या हिवाळ्यात एसेनगुल निवडणुकीला उभा राहिला. तुरुंगात जाऊन आलेला गडी, पण वरच्या खाणीचा मालक. शेरगाझीचा पोरगा त्याच खाणीत कामाला. निवडणुकीत जेवण घालायला बंदी, म्हणून कुणाच्या तरी नातवाच्या पाळण्याचं निमित्त पुढं केलं आणि पटांगणात सभा भरवली.

सभेत रायसबेक उठला. रशियात मजुरी करून परत आलेला, दाढी राखलेला.

"साहेब, आमचं कुरण खाणीला कुणी दिलं?"

एसेनगुल हसला. "ह्याची दाढी बघा. असले अतिरेकी गावात पोसता, आन् जाब मला इचारता व्हय?"

आमच्याकडं ही नुसती शिवी नव्हे. ह्या एका शब्दावर पोलीस माणसाला उचलून नेतात. जेवायला बसताना रायसबेकच्या दोन्ही अंगांची माणसं लांब सरकली.

एसेनगुलचा माणूस शेरगाझीच्या कानाशी लागला. "आबा, त्या दाढीवाल्याला वगळा. पोराची नोकरी हाय न्हवं?"

"हाय की. तू हात धुऊन बस आधी, मटन गार हुतंय."

पाहुण्याचा मान म्हणून शेरगाझीनं मेंढराचं डोकं एसेनगुलपुढं ठेवलं. मग म्हाताऱ्यांपासून एकेकाला वाढत तो रायसबेकपाशी आला, आणि त्याच्या वयाचं हाड त्याच्यापुढं ठेवलं.

"नगं आबा. तुमच्यावर येईल."

"आलंच हाय आता. खा."

रायसबेकचा हात उचलेना. तेव्हा लांब सरकलेला म्हातारा दुइशेन पुन्हा त्याच्याजवळ येऊन टेकला. "चाकू दे हिकडं," म्हणाला, आणि त्याच हाडावरचं मांस कापून खाऊ लागला. मग बाकीचेही जवळ सरकले.

एसेनगुल निवडून आला. पुढं पोलीस आले, रायसबेकची चौकशी करायला.

"एका परातीत जेवलोय आमी," दुइशेन म्हणाला. "अतिरेकी म्हनत असाल, तर समद्यांनाच गाडीत घाला."

गाडी मोकळीच परत गेली.

शेरगाझीच्या पोराला पोलीस यायच्या आधीच खाणीवरून काढलं होतं; अंथरूण गुंडाळून तो घरी आला होता. बाप त्याला रोज चहाला हाक मारतो. तो येतो, बापाकडं पाठ करून चहा पितो, आणि मेंढरांकडं निघून जातो.